अलाबामाचं लाकडी मॉडेल : किट झकास, माहितीपत्रक फालतू

नाशिकला समुद्र नाही तरी मला जहाजांचं वेड, त्यामुळे मे महिन्यात 'अलाबामा' या जुन्या युद्धजहाजाचं हे १:१०० चं किट ऑनलाईन मागवलं, साडेअकरा हजार पडले (घरी खरा आकडा सांगितलेला नाही). लाकूड मस्त आहे, पट्ट्या गरम पाण्यात भिजवल्या की छान वळतात, माझ्या दोनच तुटल्या. दोरा मात्र एकदम भिकार, हात लावला की पिंजतो, शेवटी मेन रोडवरून दुसरा आणला.

खरी चीड आली ती माहितीपत्रकाची. सगळी लढाईच, १८६४ मध्ये फ्रान्सच्या शेरबूर्ग बंदरासमोर बुडालं वगैरे. अरे पण हे जहाज दोन वर्षं जगलं ते परक्या बंदरांवर! अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या बाजूचं, पण स्वतःच्या देशाच्या एकाही बंदरात कधी गेलंच नाही, कारण तिकडं उत्तरेची नाकेबंदी. ब्रिटन तटस्थ, त्यामुळे त्यांच्या वसाहतींत थांबायचं तर १८६२ चे नियम : २४ तासांत निघा, दुरुस्ती किंवा वादळ असेल तरच सूट, कोळसा फक्त स्वतःच्या देशाच्या जवळच्या बंदरापर्यंत पुरेल एवढाच, आणि पुन्हा हवा तर तीन महिने थांबा. आता बोला, स्वतःचं जवळचं बंदर कुठलं धरायचं! इथंच कामी यायचा तो वर उचलून घेता येणारा प्रोपेलर, शिडांवर जायचं आणि कोळसा वाचवायचा. किटमध्ये तो प्रोपेलर सरळ चिकटवायला सांगितलाय, म्हणजे जहाजाची अक्कलच चिकटवून टाकली.

ऑगस्ट १८६३ मध्ये केप टाऊनसमोर 'अलाबामा'ने उत्तरेचं 'सी ब्राइड' हे व्यापारी जहाज पकडलं, लोक टेकड्यांवर चढून बघत होते. तिथला अमेरिकेचा वाणिज्य दूत ओरडला की तटस्थ हद्दीत पकडलं, तिथल्या ब्रिटिश गव्हर्नर वुडहाऊसने ठरवलं की किनाऱ्यापासून तीन मैलांच्या, म्हणजे हद्दीच्या बाहेर होतं. हेच फिलिप वुडहाऊस पुढे १८७२ ला मुंबईचे गव्हर्नर झाले, कुलाब्यातला वुडहाऊस रोड त्यांच्याच नावाचा. डिसेंबरात जहाज सिंगापूरला, जानेवारीत आपल्या मलबार किनाऱ्यावर अंजेंगोला पकडलेल्या जहाजांवरचे कैदी उतरवले, आणि त्याच युद्धापायी इकडं कापसाला सोन्याचा भाव आलेला. हे एक पान छापायला काय जात होतं? शेवटी १८७२ ला जिनिव्हातल्या लवादाच्या निकालाने ब्रिटनला अमेरिकेला १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई द्यायला लागली, कारण असली जहाजं त्यांच्याच गोदीत बांधली गेली होती, तेही नाही.

५ पैकी साडेतीन. प्रोपेलर मी पिन घालून वरखाली होईल असा केला, दोन रविवार गेले, मिसळही बुडाली. आणि तोफा आठ हव्यात, बॉक्समध्ये सातच निघाल्या, मेल टाकलाय, तीन आठवडे झाले, उत्तर नाही.