इशापूरची स्वस्त रायफल: पॉलिशखाली काय काय लपवतात

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींच्या बाजारात 'इंडियन आर्मी, इशापूर' एवढे शब्द दिसले की आपल्या माणसाचा हात लगेच खिशाकडे जातो. आपल्या देशातल्या, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली, जवानांच्या हातातली रायफल, तीही नव्या शिकारी रायफलीपेक्षा स्वस्त. हरणाच्या शिकारीला होईल, आडवेळेला घरातही असेल, असा हिशेब मांडला जातो. हा जिव्हाळा विकणाऱ्यालाही चांगला ठाऊक असतो. रायफली खऱ्या असतात. त्यांच्याविषयी जे सांगितलं जातं ते मात्र बरेचदा खोटं निघतं.

फसगत नेमकी कशी होते ते एका रायफलीवरून कळेल. जाहिरात होती 'अस्सल जंगल कार्बाइन, इशापूर, उत्तम नळी' अशी. सोबत 'अस्सल लष्करी' म्हणून .३०३ मापाची शंभर काडतुसं. रायफल तपासायला टेबलावर आली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती मागच्या नेमदर्शकाची. तो नळीवर बसवलेला होता, बोल्टच्या (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मागे नव्हता. खोटेपणा तिथेच उघडा पडला. खरी जंगल कार्बाइन म्हणजे ली-एनफील्ड घराण्यातली आखूड रायफल, नंबर ५ मार्क १. ती इंग्लंडमध्येच फझाकर्ली आणि शर्लीच्या कारखान्यांत १९४४ ते १९४७ या काळात बनली. इशापूरला नंबर ५ कधी बनलीच नाही. खऱ्या नंबर ५ ला भोकाचा नेमदर्शक मागे, बॉडीवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावर असतो. नळी सुरू होते त्या जाड भागावर वजन कमी करण्यासाठी कापलेल्या खाचा असतात आणि दस्त्याला मागे रबराचा तुकडा असतो. टेबलावरची रायफल ही जुनी, लांब नळीची ली-एनफील्ड नंबर १ मार्क ३ होती. नळी कापून, तोंडाला बाजारात मिळणारा शंकूसारखा फ्लॅश हायडर (गोळीबाराची ज्वाळा झाकणारा तुकडा) अडकवून आणि लाकूड आखूड करून ती सजवली होती. त्यामुळे संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत गेली आणि शिकारीसाठी नेमही गेला, कारण नळी हाताने कापली होती आणि तोंड काटकोनात नव्हतं.

पण खरा धोका त्या सजावटीत नव्हता. उजव्या बाजूला, दस्ता जिथे लोखंडात शिरतो त्या पट्टीवरून अंगठा फिरवला की एक उथळ खळगा लागत होता. काळा रंग सगळीकडे सारखा होता, पण प्रकाश तिरपा धरला की तिथे घासल्याच्या रेषा दिसत. अशा ठिकाणी बहुतेक वेळा 'डीपी' ही अक्षरं असतात. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. कवायतीच्या काही रायफलींच्या चेंबरला (काडतूस बसतं त्या पोकळीला) भोक पाडलेलं असतं, काहींचं लोखंड झिजलेलं असतं, काही नुसत्या शिक्का मारून बाजूला काढलेल्या असतात. यातली कोणती आपल्या हातात आहे हे वरून सांगता येत नाही. म्हणून डीपीचा शिक्का असलेली किंवा तो पुसल्याची शंका असलेली रायफल झाडायची नाही, भिंतीवर लावायची. भारतीय रायफलींवरचा दाट काळा रंग मूळचाच असतो. रंग आहे म्हणून संशय घ्यायचं कारण नाही. संशय घ्यायचा तो रंगाखाली लोखंड सपाट किंवा खोलगट झालं असेल तर, आणि नळीच्या मुळाशी वेल्डिंगचा गुळगुळीत ठिपका दिसला तर.

तपासणी दुकानातच, पैसे देण्याआधी करायची. आधी रायफल रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने पाहायचं. मग बोल्ट बाहेर काढायचा. नळीत चिकट ग्रीस असेल तर कापडाची चिंधी फिरवल्याशिवाय आत बघूच नका. ग्रीस चमकतं, आणि त्या चमकेत खड्डे दडतात. चिंधी फिरवून मागच्या बाजूने छोटा टॉर्च लावायचा. पीळदार खाचांच्या कडा धारदार असतील आणि तळ थोडा करडा असेल तर ती नळी चालते. कडा गोलसर आणि तळाला काळे खड्डे असतील तर स्वस्तातसुद्धा घेऊ नका. त्यानंतर नळीचं तोंड. वर्षानुवर्षं दोरीने नळी साफ केल्यामुळे तोंडाशी ती एका अंगाला झिजते. .३०३ ची सुटी गोळी, पुंगळीशिवाय (काडतुसाच्या पितळी नळकांड्याशिवाय), टोकाने तोंडात घालून बघायची. ती अर्धवट अडायला हवी. बुडापर्यंत आत गेली तर तोंड संपलेलं आहे, आणि मग शंभर यार्डांवर हरणाच्या छातीएवढ्या जागेत गोळ्या पडण्याची आशा सोडा.

आता हेडस्पेस. ही तपासणी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि चेहऱ्याजवळ काहीतरी फुटतं तेव्हा मूळ कारण इथे असू शकतं. .३०३ च्या पुंगळीला मागे कड असते, आणि त्या कडेसाठी बोल्टच्या तोंडाशी किती जागा आहे ते इथे मोजायचं असतं. .०६४ इंचाच्या गेजवर (काडतुसाच्या जागी घालायच्या मापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद व्हायला हवा आणि .०७४ च्या लष्करी गेजवर बंद होता कामा नये. नागरी गेज त्याहून कडक, .०६७ चा असतो. बोल्टच्या मागच्या बाजूचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा, कारण बोल्टला बॉडीत अडकवून धरणारे दोन्ही उंचवटे त्या त्या बॉडीला घासून बसवलेले असतात. इथे एक चलाखी चालते. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट लावतात आणि त्याच्यावर नवा क्रमांक ठोकतात. जुन्या शिक्क्यांच्या कडा झिजलेल्या आणि रंगाने भरलेल्या असतात, नव्या शिक्क्याची कड बोटाला टोचते. .३०३ ची गेज विकत घेतली तरी गोळीबाराच्या एका दिवसाच्या खर्चात येतात. नाहीतर गनस्मिथकडून तपासून घ्या आणि ते पैसे रायफलीच्या किमतीतच धरा.

१९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने ७.६२ मिमी नाटो काडतुसाची २ए आणि २ए१ ही रायफल काढली. तिचं पोलाद जुन्या रायफलींपेक्षा चांगलं आणि मॅगझिन बारा गोळ्यांचं, चौकोनी बुडाचं. ही रायफल खरोखर उपयोगाची आहे. हिच्या बाबतीत दोन प्रकारे फसवतात. एक म्हणजे, जुन्या .३०३ बॉडीला कोणीतरी ७.६२ ची नळी लावतं आणि ती २ए१ म्हणून खपवतं. शिक्क्यात '७.६२ एमएम २ए१' आणि 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी इशापूर) दिसायलाच हवं. 'नंबर १ मार्क ३' दिसलं तर हात काढून घ्या, कारण ती बॉडी त्या दाबासाठी घडवलेलीच नाही. दुसरं म्हणजे, '.३०८ ची (७.६२ नाटोच्याच आकाराची नागरी) कुठलीही काडतुसं चालतील' हे आश्वासन. लष्करी चेंबर थोडं लांब असतं आणि बाजारातल्या .३०८ च्या पुंगळीचं पितळ पातळ असू शकतं. हेडस्पेस मोजल्याशिवाय या जुन्या रायफलीत भारी दाबाची शिकारी काडतुसं घालू नयेत.

काडतुसांबद्दल लिहिताना आपल्याच गावाचं नाव घ्यावं लागतं. पुंगळीच्या बुडावर 'के' आणि 'एफ' असेल तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. जुनी .३०३ मार्क ७, आत कॉर्डाइट ही जुन्या पद्धतीची दारू, १७४ ग्रेन वजनाची गोळी. अनेक दशकं कुठल्या उन्हात, कुठल्या गोदामात पडून राहिलेला हा माल अमेरिकेत 'अस्सल' म्हणून महाग विकतात. त्यातलं काही उशिरा पेटतं. चाप ओढल्यावर आवाज आला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, बोल्टला हात लावायचा नाही. शिवाय या काडतुसांच्या प्रायमरमुळे (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीमुळे) नळीत क्षार उरतो. तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो आणि एका रात्रीत गंज धरतो. तेलाने तो विरघळत नाही, त्याला गरम पाणीच लागतं. गोळीबार संपला की त्याच दिवशी नळीतून पाणी ओतायचं, चिंध्यांनी कोरडी करायची आणि मग तेल द्यायचं. विकणारा 'नुसतं तेल लावा' म्हणाला तर त्याला माल ठाऊक नाही किंवा तुमची पर्वा नाही. आणि ही गोळी पूर्ण धातूच्या आवरणाची असते. बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीला ती चालतच नाही, फुलणारी गोळी लागते. ती नवी घ्यायची तर एका फैरीला सहज डॉलरच्या वर जातात.

'शिकारीला उत्तम' हे वाक्य तर राज्याचं नाव न विचारताच फेकलं जातं. न्यू जर्सीत आपली इतकी वस्ती आहे, पण तिथे हरणाला अशी रायफल चालतच नाही. शॉटगन, तोंडातून भरायची मझललोडर बंदूक किंवा धनुष्य लागतं. ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीचीच पुंगळी चालते, .३०३ आणि .३०८ दोन्हींची मान आवळलेली असते. रायफल घेण्याआधी आपल्या राज्याची त्या वर्षाची शिकार नियमावली वाचा.

आता व्हिसा. हे विशेष कळकळीने लिहितो, कारण इथे पैशांपेक्षा मोठं नुकसान होतं. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक घेता येत नाही. अपवाद आहेत, आणि आपल्याला लागू पडणारा मुख्य म्हणजे अमेरिकेतला चालू शिकार परवाना. तो नसताना 'मित्राच्या ग्रीन कार्डावर घ्या, नंतर तुम्हीच वापरा' असं विकणारा सुचवतो. हा गुन्हा आहे. बंदूक घेताना दुकानात भरायच्या ४४७३ या फॉर्मवर खोटं लिहिणं हाही गुन्हा आहे, आणि बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर देशातून काढलं जाऊ शकतं.

ऑनलाइन खरेदीत तर रायफल येतच नाही असंही होतं. परक्या राज्यातून घेतलेली रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे यायला हवी. थेट घरी फक्त टाइप ०३ चा संग्राहक परवाना असलेल्याला, आणि तीही रायफल कायद्याने संग्राह्य ठरत असेल, म्हणजे सहसा पन्नास वर्षांहून जुनी असेल, तरच. 'कागदपत्रं नकोत, घरपोच देतो' म्हणणारा आणि गिफ्ट कार्डने किंवा परत न मिळणाऱ्या मार्गाने पैसे मागणारा, दोघेही ठग. खऱ्या दुकानाचा परवाना क्रमांक चोरून खोटी साइट उभी करतात. म्हणून परवान्याचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे एटीएफ या अमेरिकी शस्त्र-नियंत्रण खात्याच्या 'एफएफएल ईझी चेक' या संकेतस्थळावर टाका आणि तिथे आलेला पत्ता साइटवरच्या पत्त्याशी ताडून पाहा. रायफल विक्रेत्याकडे पोहोचली की ४४७३ वर सही करण्याआधी वरची सगळी तपासणी उरका. एकदा ती तुमच्या नावावर झाली की परत करणं फार अवघड.

भारतात असल्या जाहिराती व्हॉट्सॲपवर फिरतात त्यांना तर उत्तरही देऊ नका. .३०३ आणि ७.६२ ही तिथे प्रतिबंधित बोअर (नळीची मापं) आहेत, सामान्य नागरिकाला परवाना मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद आहे. आगाऊ पैसे गेले तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार, यावरच त्या ठगांचा धंदा चालतो.

सगळं तपासून रायफल घरी आली तरी पहिल्या पाच फैरी चांगल्या नव्या काडतुसांच्याच झाडा, आणि खांद्याला लावून नाही. रायफल टायरला किंवा स्टँडला घट्ट बांधा आणि चाप लांब दोरीने ओढा. मग पाचही पुंगळ्या हातात घेऊन बुडापासून अर्ध्या इंचावर चकाकतं कडं दिसतं का पाहा. दिसलं, तर पेपर क्लिप सरळ करून तिचं टोक थोडं वाकवा आणि पुंगळीच्या आतून बुडाकडे सरकवत न्या. त्या कड्यापाशी टोक खाचेत अडखळलं तर पितळ आतून फाटत आलं आहे. रायफल गनस्मिथकडे न्या आणि ती पुंगळी सोबत दाखवायला जपून ठेवा.