कानाची पाळी: आधारपट्टी की टाके?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आईच्या जड कुड्या बाहेर निघतात आणि ओघळलेलं भोक आठवतं. भोक नुसतं लांबलं असेल, खाली पाळीची जाड कड शाबूत असेल, तर पाळीमागे पारदर्शक आधारपट्टी, मोठी फिरकी किंवा केसांत अडकवायचा वेल पुरतो. खर्च मामुली. पण गोव्याच्या घामात पट्टी लवकर सुटते, आणि लांबलेलं भोक तिने आखूड होत नाही.

कड दोऱ्याएवढी उरली किंवा पाळी दुभंगली, तर टाकेच. फाटीच्या कडांवर कातडी धरलेली असते. ती काढून शिवल्याशिवाय पाळी सांधत नाही. त्या जागेपुरती भूल देतात, बहुधा तासाभरात घरी. टाके साधारण आठवड्याने काढतात. नवं भोक मात्र दीड ते तीन महिन्यांनी, शक्यतो व्रणाच्या बाजूला. म्हणून चवथीला कुड्या घालायच्या तर मे महिन्यातच उरकावं. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. जुने व्रण फुगत असतील किंवा मधुमेह असेल, तर आधी सांगा.

ताजी फाट असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.