सोलर झटका मशीन : घ्या, पण अर्थिंग नीट करणार असाल तरच

बेळगावकडच्या खानापूर भागात जंगलाला लागून ज्यांचा मळा हाय त्यांनी शेताभोवतीच्या तारेत झटका सोडणारं हे मशीन जरूर घ्यावं, पण नुसतं आणून खांबाला लटकवलं की हरणं थांबली असं होत नाही. आमचं शेत जांबोटीकडं, भीमगडचं जंगल जवळच, भात निघाल्यावर रताळी, चवळी, वाल, मिरची लावतो आणि रात्री भेकर नायतर सांबर हमखास येतंय. आधी कोण खाऊन जातंय ते बघा, ससा देठ चाकूनं कापल्यासारखा साफ तोडतो, हरणाच्या जातीला वरचे पुढचे दात नसतात म्हणून ते ओढून तोडतं आणि टोक फाटलेलं दिसतं.

मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, दिवसा पॅनलवर चार्ज होतं, लाईट गेली तरी टेन्शन नाही. साधारण सेकंदाला एक झटका, व्होल्टेज हजारांत पण अगदी क्षणभर, म्हणून जनावर दचकून पळतं, मरत नाही. मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मेन लाईनचा करंट तारेत सोडणारे अजून आहेत, त्यात सांबर जातं, गाय जाते, पहाटे पाणी सोडायला गेलेला माणूस पण जातो, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली जेल वेगळी. हात जोडून सांगतो, तसं करू नका.

आता अर्थिंग. यावर दुकानदार दोन मिनिटं पण बोलत नाहीत. करंट जनावराच्या पायातनं जमिनीत आणि तिथनं अर्थिंगच्या सळईतनं मशीनला परत गेला तरच झटका बसतो, आणि आमची लाल माती मार्च-एप्रिलात ठणठणीत कोरडी पडली की झटका मंद होतो. तीन सळया लांब लांब खोल ठोका, कोळसा-मीठ घाला, उन्हाळ्यात वरनं पाणी ओतत राहा. भेकर दोनेक फुटाचंच असतं, खालनं घुसतं, म्हणून खालची तार वीत-दीड वीत उंचीवर पायजे, सांबर उडी मारतं त्यामुळं वरची सहा फुटाच्या वर. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट तिथंच उतरतो, कापायचा कंटाळा करून चालत नाही. अंगावरच्या केसांमुळं झटका नीट बसत नाही, नाक लागायला पायजे, म्हणून मी तारेला पत्र्याच्या पट्ट्या बांधून गूळ चोळतो, हुंगायला आलं की बास.

सोबत आलेले प्लॅस्टिकचे इन्सुलेटर, म्हणजे तार खांबाला टेकू न देणारे तुकडे, उन्हानं तडकले, ते तेवढे चांगले वेगळे घ्या. कन्नड-मराठीत धोक्याचा बोर्ड पण लावा, पोरंबाळं फिरतात.

परसातल्या चार वाफ्यांसाठी मात्र एवढा खर्च नको, सात-आठ फुटी नायलॉनची जाळी पुरते, खालची कड दगडांनी दाबायची आणि जाळी ताणूनच बांधायची, सैल राहिली तर साप आणि शिंगं दोन्ही अडकतात.