जुनी आलिशान एसयूव्ही: लेक्सस आरएक्स ३५० की रेंज रोव्हर स्पोर्ट?

सारख्याच किमतीत या दोन वापरलेल्या गाड्या समोर आल्या की मन द्विधा होते. मात्र जुन्या आलिशान गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

२०१५ ते २०२२ दरम्यानच्या आरएक्स ३५० मधील ३.५ लिटरचे, टर्बो नसलेले व्ही-६ इंजिन साधे आणि भरवशाचे आहे. २०१३ नंतरच्या स्पोर्टच्या ३ लिटर सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिनात मात्र कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) प्लॅस्टिक पाइप उष्णतेने ठिसूळ होऊन तडकतात, आणि गळती वेळीच लक्षात आली नाही तर इंजिनच धोक्यात येते.

खर्चाचा खरा फरक सस्पेन्शनमध्ये, म्हणजे रस्त्याचे धक्के शोषणाऱ्या यंत्रणेत आहे. आरएक्समध्ये पोलादी स्प्रिंग असतात. स्पोर्टमध्ये त्यांच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात; त्यातली एखादी झिरपू लागली, की गाडीची उंची राखण्यासाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर वारंवार चालतो आणि अखेर तोही निकामी होतो. म्हणूनच गाडी रात्रभर उभी राहिल्यावर तिचा एखादा कोपरा खचला आहे का, हे सकाळी पाहिल्याशिवाय व्यवहार करूच नये.

रोजच्या वापरासाठी निर्धास्त गाडी हवी असलेल्यांनी आरएक्स घ्यावी. खडकाळ वाटा आणि जड ओढकाम ही ज्यांची खरी गरज आहे, त्यांनी देखभालीच्या संपूर्ण नोंदी असलेली स्पोर्टच निवडावी आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी.