नवी १०-१८ सोडून जुनी १०-२२ घेतली: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पावसाळा संपता संपता माझ्या वाइड अँगल लेन्समध्ये बुरशी सापडली आणि ज्या दुकानातून ती वापरलेली लेन्स घेतली होती, त्या दुकानदाराशी बरेच दिवस वाद चालला. तो वाद आता मिटला आहे, त्यामुळे डोके शांत असतानाच हा अनुभव लिहून काढतो. लेन्स कॅननची ईएफ-एस १०-२२ (हे आकडे मिलिमीटरमधले, आकडा जितका लहान तितका चौकटीचा आवाका रुंद); तिच्याऐवजी जवळपास तेवढ्याच पैशांत नवी ईएफ-एस १०-१८ मिळत होती.

कागदावर पाहिले तर १०-१८ ला नाकारण्याजोगे फारसे काही नाही. ती २०१४ साली आली, वजन अवघे २४० ग्रॅम, आत हात थरथरण्यावर उतारा म्हणून स्टॅबिलायझर आहे आणि शार्पनेसही उत्तम आहे. १०-२२ त्याच्या दहा वर्षे आधीची, ३८५ ग्रॅमची, बिनस्टॅबिलायझरची. तिच्या बाजूने धातूचा माउंट (कॅमेऱ्याला जोडणारी कडी), १० मिमीला एफ/३.५ चे ॲपर्चर (उजेड आत घेणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे), झूमचे १८ च्या पुढचे चार मिलिमीटर आणि अंतर दाखवणारी ती छोटी पारदर्शक खिडकी एवढेच मुद्दे होते. दुकानात लेन्स हातात घेतली, फोकसची रिंग फिरवली आणि खिडकीतले आकडे सरकताना पाहिले, तेव्हाच माझा कौल ठरला होता. भावातला फरक जेमतेम दोन हजारांचा होता. शिवाय कॅननच्या या वर्गातल्या लेन्सबरोबर हूड (आडवा उजेड अडवणारी पुढची झापड) येत नाही, तो आधीच्या मालकाने विकत घेऊन डब्यात ठेवलेला होता. फुकटच्या हूडचा आनंद मला जरा जास्तच झाला, हे नमूद करतो.

खिडकीबद्दल इतक्या आपुलकीने का लिहितो, ते सांगणे भाग आहे. १०-१८ ची फोकस रिंग थेट काचा हलवत नाही. ती मोटरला संकेत देते आणि मोटर काचा हलवते. कॅमेरा बंद असेल तर रिंग कितीही फिरवली तरी काही होत नाही, आणि फोकस किती अंतरावर आहे हे सांगणारी खूणही लेन्सवर नाही. १०-२२ मध्ये मात्र १० मिमी आणि एफ/८ ठेवून खिडकीतली खूण ०.५ मीटरच्या थोडी पुढे, म्हणजे अंदाजे ७० सेंटीमीटरवर आणली की साधारण हातभर अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. मग ऑटोफोकस बंद करायचा आणि त्याचा विचारही सोडून द्यायचा. किल्ल्याच्या दरवाजातून बाहेरचा डोंगर टिपताना, अंधाऱ्या दिंडी दरवाजात, धुक्यात, जिथे ऑटोफोकस मागेपुढे घुटमळत राहतो, तिथे ही सोय इतकी उपयोगी पडली की पहिले काही महिने मी ओळखीच्या प्रत्येकाला १०-२२ च घ्या असे सांगत होतो.

त्या मताला पहिला धक्का कार्ल्याच्या लेण्यात बसला. तिथल्या चैत्यगृहाची लांबी सुमारे १२४ फूट असून उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी कमानीतून. छताला मूळच्या लाकडी फासळ्या आहेत आणि मला त्याच हव्या होत्या. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, म्हणजे सगळे हातात धरूनच टिपायचे. माझा भाचा त्याची १०-१८ घेऊन बरोबर आला होता. तो एफ/४.५ वर पाव सेकंदाचा शटर ठेवून आयएसओ ४०० वर (आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्र रवाळ होते) स्वच्छ छायाचित्रे घेत होता. मला एफ/३.५ असूनही १/१५ सेकंदापेक्षा संथ शटर ठेवण्याची हिंमत होईना, त्यामुळे आयएसओ १००० पर्यंत चढवावा लागला. माझ्या मोठ्या ॲपर्चरचा फायदा दोन तृतीयांश स्टॉपचा होता (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), त्याच्या स्टॅबिलायझरने त्याला दोन स्टॉप सहज मिळवून दिले. घरी येऊन दोन्ही छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा फासळ्यांमधल्या सावलीत माझ्याकडे रवाळपणा होता, त्याच्याकडे लाकूड दिसत होते.

मी त्याला खिडकीचे महत्त्व समजावून सांगू लागलो, तर तो म्हणाला, ‘मामा, पण अंधारात तुम्हाला ती खिडकी दिसते का?’ दिसत नाही. आता मी बाहेरच्या उजेडात फोकस जुळवतो आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून मगच आत शिरतो. स्टॅबिलायझरलाही एक मर्यादा आहे, ती त्याला मी ऐकवली: तो आपला हात सावरतो, समोरची माणसे नाही. कार्ल्याला लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचे मंदिर असल्याने माणसांची ये-जा थांबत नाही, आणि पाव सेकंदात चालणारा माणूस धुरकट पट्टा होऊन उमटतो. तरीही माझे मत त्या दिवशी बदलले. ज्यांना प्रामुख्याने लेणी, देवळांचे सभामंडप आणि वाड्यांच्या खोल्या टिपायच्या आहेत, त्यांनी १०-१८ च घ्यावी.

आता बुरशीकडे येतो. खरेदीच्या वेळी दुकानातच मागून मोबाइलचा टॉर्च लावून मी पुढून तिरक्या नजरेने लेन्स तपासली होती आणि त्याची छायाचित्रेही काढली होती. कॅमेऱ्यावरून काढलेल्या कॅननच्या लेन्सचे ॲपर्चर पूर्ण उघडेच असते, त्यामुळे ही तपासणी सोपी आहे. काठाजवळ एक पांढरट ठिपका दिसला, तो दुकानदाराने ‘धूळ आहे साहेब, इतक्या जुन्या लेन्सला असतेच’ म्हणून उडवून लावला. जुनी म्हणजे किती, असे विचारल्यावर त्याने तीन-चार वर्षे सांगितली. मागच्या टोकाला छापलेला संकेत मात्र यू-व्ही-०६ ने सुरू होत होता: यू म्हणजे उत्सुनोमियाचा कारखाना, व्ही म्हणजे २००७ आणि ०६ म्हणजे जून. हा संकेत दाखवल्यावर भाव लगेच हजार रुपयांनी उतरला. ज्यांना जुनी लेन्स घ्यायची आहे त्यांनी ही अक्षरे वाचायला शिकावीत. कॅननने २०१२ च्या सुमारास हे संकेत छापणे बंद केले, त्यामुळे ते असणे हाच वयाचा पुरावा आहे.

पावसाळाभर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवलेली होती आणि जेलचे निळे दाणे गुलाबी होऊ लागले की मी ते बदलत होतो. तरीही सप्टेंबरअखेर टॉर्च लावला तेव्हा त्याच काठावरून कापसाच्या तंतूंसारखे धागे आत सरकलेले दिसले. दुकानदाराचे म्हणणे पडले की बिलावर स्पष्ट लिहिले आहे, सहा महिन्यांच्या वॉरंटीत फंगस, ओरखडे आणि पाणी येत नाही, आणि पावसाळ्यात तुम्ही ती कशी ठेवली हे आम्हाला काय ठाऊक. मी खरेदीच्या दिवशीचे छायाचित्र आणि आजचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून दाखवले. धागे बरोबर त्या ‘धुळी’पासूनच फुटले होते. त्यानंतरही ‘सेठ बाहेर गेलेत’, ‘कारागीर गावाला गेलाय’ अशी उत्तरे मिळत राहिली. शेवटी साफसफाईचे अडीच हजार रुपये निम्मे निम्मे वाटून घेण्यावर तोडगा निघाला. म्हणजे नवी न घेता वाचवलेल्या दोन हजारांपैकी माझ्याकडे साडेसातशे उरले, त्यांतले काही तिथे वारंवार जाण्याच्या रेल्वेभाड्यात गेले.

साफ केलेल्या काचेच्या कोटिंगवर (चमक अडवणाऱ्या लेपावर) एक पुसट व्रण राहिला आहे. सूर्य चौकटीत किंवा चौकटीच्या अगदी जवळ असेल तेव्हा त्या कोपऱ्यात काळा रंग थोडा फिका पडतो, एरवी काही फरक जाणवत नाही. १०-२२ ला ७७ मिमीचे महागडे फिल्टर लागतात, १०-१८ ला ६७ मिमीचे, हा खर्चाचा मुद्दा अनेक जण मांडतात, पण निदान पोलरायझरच्या (आभाळ गडद करणाऱ्या फिल्टरच्या) बाबतीत तो मला पोकळ वाटतो. १० मिमीच्या एवढ्या रुंद चौकटीत पोलरायझर लावला की आभाळाचा एक भाग गडद निळा आणि उरलेला फिका दिसतो, तेव्हा तो न घेतलेलाच बरा.

निकॉनवाल्यांसाठी थोडक्यात: टोकिना कंपनीची जुनी ११-१६ वाइड लेन्स स्वस्त मिळते म्हणून घेण्याआधी ती पहिल्या आवृत्तीची आहे का ते पाहा, कारण तिच्यात मोटर नाही आणि डी३०००, डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांवर ती ऑटोफोकस करत नाही. उलट निकॉनची नवी एएफ-पी १०-२० ही डी९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर फोकसच करू शकत नाही.

माझ्यासारख्या काटकसरी माणसासाठी मधला मार्ग म्हणजे वापरलेली १०-१८, हे मला फार उशिरा सुचले. ती कितीही जुनी असली तरी २०१४ च्या आधीची असूच शकत नाही, तर १०-२२ ने आपल्याकडचे किती पावसाळे कोणाच्या कपाटात काढले असतील याचा नेम नाही. माझी १०-२२ मी सध्या ठेवली आहे, ती निव्वळ खिडकीमुळे. महिन्यातून एकदा टॉर्च लावून तो व्रण तपासतो आणि छायाचित्र काढून तारखेसह जपून ठेवतो. धागे पुन्हा फुटले तर बुरशीचा स्पष्ट उल्लेख करून ती विकून टाकीन आणि भाच्याला सांगून एखादी वापरलेली १०-१८ शोधीन. या वेळी ‘धूळ’ दिसली तर बिलावर दुकानदाराच्या सहीने ‘धूळ’ असे लिहून घेईन.