कमानी रंगमंच की रिंगण?

छत्रपती संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात प्रेक्षक एकाच बाजूला बसतात. हा कमानी रंगमंच: पुढे दर्शनी पडदा, दोन्ही बाजूंना विंगा. नट विंगेत गेला की दिसेनासा होतो, ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे मालवल्यावर, नेपथ्य बदलतं. दिग्दर्शक 'उजवीकडे सरक' म्हणतो ती उजवी बाजू नटाची, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावरची. तालमीत नवखी मुलं इथंच गडबडतात.

रिंगणात प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात. विंग नाही, पडदा नाही. मराठवाड्याला हे नवं नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडं आणि तुळजाभवानीचा गोंधळ लोकांच्या गराड्यातच रंगतात. पण नाटक तिथं न्यायचं तर ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचाली, मुळापासून बदलावं लागतं. कुणाकडे तरी पाठ होणारच, म्हणून नटानं एका जागी फार वेळ थांबू नये. दोघं अगदी जवळ उभे राहिले तर एकमेकांना झाकतात. थोडं अंतर ठेवून तिरपं उभं राहिलेलं बरं. उंच कपाट नको, बाज किंवा चौरंग चालतो. दिवे प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे उंचावरून, तिरके लावायचे.

दारांची उघडझाप, लपाछपी असलेलं विनोदी नाटक कमानीतच करा. गावात, शाळेच्या पटांगणात प्रयोग असेल तर मी बेलाशक रिंगण निवडेन. तिथं प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, नटाचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येतो. संहिता मात्र कमी पात्रांची घ्या, आणि एंट्रीसाठी प्रेक्षकांमधून वाटा आधीच मोकळ्या ठेवा.