ओपेथचे सगळे अल्बम क्रमाने ऐकले, त्यावर थोडं

स्वीडिश मेटल बँड ओपेथच्या द लास्ट विल अँड टेस्टामेंट या अल्बमबद्दल (२०२४) कुणाशीही बोला, पहिलं वाक्य एकच असतं, ग्रोल (मेटलमधलं ते घशातून गुरगुरत गाणं) परत आला. आलाच आहे, २००८ च्या वॉटरशेडनंतर स्टुडिओ अल्बमवर पहिल्यांदा. पण मी गेल्या महिन्यात पहिल्या अल्बमपासून, म्हणजे ऑर्किडपासून, सगळं क्रमाने ऐकलं आणि मला तर वाटतंय की जुनं ओपेथ परत आलेलंच नाहीये, आणि ते फार बरं झालं.

ऑर्किड (१९९५) आणि मॉर्निंगराइज (१९९६) मला आवडतात, पण त्यात शिलाई दिसते. एक रिफ (गिटारची परत परत येणारी धून) संपतो, गाणं थांबतं, मग अकूस्टिक, परत थांबतं, मग पुढचा. मॉर्निंगराइजवर पाचच गाणी आहेत, त्यातलं एक तर वीस मिनिटांचं. पुढे स्टिल लाइफपर्यंत ही शिलाई बारीक होत जाते आणि ब्लॅकवॉटर पार्कला (२००१) गायबच होते. स्टीव्हन विल्सन प्रोड्यूसर म्हणून आला तो याच अल्बमला. द ड्रेपरी फॉल्स हेडफोन लावून ऐका. अकरा मिनिटांच्या आसपासचं गाणं, सुरुवातीला संथ गिटार, वर ती लांबट रडवेली लीड, बँडचा गायक मिकाएल ऑकरफेल्ट साध्या गळ्याने गातोय, आणि जवळपास अर्धं गाणं होईपर्यंत ग्रोल येतच नाही. येतो तेव्हा दचकायला होत नाही, वाटतं हा इथे यायलाच हवा होता.

मग डिलिव्हरन्स आणि डॅम्नेशन, एकदमच रेकॉर्ड केलेले, एक पूर्ण जड, दुसऱ्यात मेटल नावालाही नाही. डॅम्नेशनचं विंडोपेन आमच्या आईनेसुद्धा शेवटपर्यंत ऐकलं आणि हे कोण गातंय विचारलं. घोस्ट रेव्हरीज (२००५) माझा सगळ्यात लाडका, त्यावर लिहायला बसलो तर थांबणार नाही म्हणून सोडून देतो.

२०११ ला हेरिटेज आला तेव्हा मी खरंच चिडलो होतो. सुरुवातीला पियानो, मग सत्तरच्या दशकातला प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक), जॅझ, ग्रोल शून्य, दोनदा ऐकून बंद केला तो कित्येक वर्षं लावलाच नाही. मिकाएलचा गळा गेला म्हणावं तर तेही नाही, स्टेजवर जुनी गाणी तो ग्रोलमध्येच म्हणत होता, पुण्यात २०१९ च्या एनएच७ वीकेंडर या म्युझिक फेस्टिव्हलला येऊन गेला तेव्हाही. म्हणजे त्याने ते ठरवून बाजूला ठेवलं होतं. पेल कम्युनियनला (२०१४) ऑर्गन आणि एकावर एक रचलेले आवाज काय सुंदर बसलेत! सॉर्सरेस मला विस्कळीत वाटतो. इन कॉदा व्हेनेनम (२०१९) मात्र स्वीडिशमध्येच ऐका, इंग्लिश आवृत्तीपण आहे पण त्याच्या मातृभाषेत शब्द सुरात जास्त विरघळतात.

आता या नव्याकडे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एका श्रीमंत घरातला बाप गेलाय आणि मुलांसमोर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय, म्हणून पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसते कलमांचे आकडे. ग्रोल म्हणजे त्या मेलेल्या बापाचा आवाज, त्यामुळे तो जड वाजवायचं म्हणून घातलाय असं कुठेच वाटत नाही. जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचा इयान अँडरसन निवेदन करतो, बासरीही वाजवतो. चौथ्या कलमात हार्प, बासरी आणि मग तो ग्रोल, हे असं एका गाण्यात ब्लॅकवॉटर पार्कवालं ओपेथ करू शकलं नसतं, हेरिटेजपासूनची सगळी वर्षं त्याला लागली. ज्या अल्बमवर मी एवढा चिडलो होतो त्याचंच हे फळ आहे.

एकच तक्रार, गाणी छोटी आहेत आणि काही कल्पना रंगायच्या आत पुढची येते, दोन-तीन कलमं अजून पाच मिनिटं चालायला हवी होती.

नवीन असाल तर डॅम्नेशन, मग ब्लॅकवॉटर पार्क, मग हा. आणि शेवटचं अ स्टोरी नेव्हर टोल्ड गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐका, ग्रोल नाहीये त्यात, सगळी वाटणी होऊन गेल्यावर त्या घरातल्या मुलीच्या हाती एक पत्र पडतं.